जुन्या प्रोसेसरची खूण

रविवारची दुपार; भवानी पेठ उन्हात पेंगत होती. मंजुनाथ टॉवेलच्या कारखान्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. सगळ्या मागांचे कंट्रोल बोर्ड जागे करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल, त्याला नव्याने बांधायचा होता. उद्या माग चालले नाहीत तर वहिनी कारखाना विकून अक्कलकोटला माहेरी जाणार होत्या. 

कर्नलमध्ये जे घ्यायचं त्यापुढे खूण करायची, अशा यादीत मागांच्या नंबरांबरोबर एकाच घराण्यातले दोन प्रोसेसर होते, जुना आणि नवा. जुना फक्त थोरल्या भावाच्या, नंदीशदादाच्या मागावर होता. त्याच मागावर शॉक लागून दादा गेला, बोर्डही जळाला. आता सगळीकडे नवाच. जागा वाचवायला मंजुनाथने जुन्यापुढची खूण काढली.

खूण परत आली.

पुन्हा काढली, पुन्हा आली. यादीतल्या दुसऱ्या कुणाला त्या प्रोसेसरची गरज असली की खूण आपोआप लागते, एवढं त्याला ठाऊक होतं. पण गरज असणार कुणाला? त्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला.

“वहिनी, वास येतोय का वो?”

“न्हाय की...” सिद्धेश्वरीवहिनी सहा नंबरच्या मागात हात घालून तुटलेले धागे सांधत होत्या. वीज बंदच होती. मेन फ्यूज मंजुनाथच्या खिशात होते.

गरज कुणाला आहे, ते त्याने शोधलं. पडद्यावर उत्तर आलं: माग सहा.

तो ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी झटकन हात काढला आणि बंद मागाची धागे ठोकणारी फणी खाडकन आदळली.

“बरं झालं भावजी, तुमी हाक मारली... हात गेलाच असता की.”

“मी... नाही मारली.”

“मग ‘सिद्धी’ कोण म्हटलं?”

सिद्धी फक्त दादा म्हणायचा. मंजुनाथने खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होते.

त्याने पुन्हा शोधलं. आता उत्तर होतं: माग दोन. दोन नंबर कमलम्माचा. कालच कामाला लागलेली कमलम्मा जेवून आली होती आणि त्याच मागापाशी उभी होती.

“कमलम्मा, हात घालू नका!”

“न्हाय घालत,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्या पाठीमागं उभे हायत, त्यांनी आदीच सांगितलं की...”