लाल ठिपक्याचा ग्लास

रंगमंचामागच्या नळाला तिनं आग लावली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई! नाट्यगृह पेटवताय की काय?"

"नळ पेटवतेय," ती वळूनही न बघता म्हणाली. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याची निळी ज्योत तिनं चिमट्यानं नळाच्या तोंडाभोवती फिरवली. "बाहेरचे जंतू नमुन्यात जायला नकोत. आता दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बोलू नका, मी मोजतेय."

 मग आवाज आला, हलका, हसरा... "अजूनही मोजतेसच का गं, थेंब?"

तिचे आकडे चुकले. पाणी परीक्षणाच्या नोकरीत नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

थेंब हे नाव तिला कॉलेजात पडलं होतं. ब्युरेटच्या काचनळीतून आम्ल सोडताना नेमक्या थेंबाला थांबणारी वर्गात ती एकटीच. आणि हा धूमकेतू – तासाला कधी दिसायचा नाही, उगवला की सगळे त्याच्याकडेच बघत राहायचे. शिवाय बोका आणि प्रोफेसर. चौघांची जागा ठरलेली होती, कँटीनची पूर्वेकडची खिडकी.

"तू इथं काय करतोयस?" तिनं बाटलीचं बूच घट्ट बसवत विचारलं.

"नाटक. लिहिलंय मीच, बसवतोयही मीच. रविवारी दुपारी पहिला प्रयोग." त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. त्याला ते शोभतात, हे तिला अजिबात आवडलं नाही. "चार मित्रांचं आहे. भांडण असं कुणाचं होतच नाही, नुसता फोन करायचा राहून जातो. आज करू, उद्या करू... आणि मग लाज वाटते म्हणून करत नाहीत."

"ओळखीचं वाटतंय."

"म्हणून तर म्हणतो, ये. माझी नायिका ब्युरेट झाडूसारखी धरते. तिला शिकव."

"फी काय देणार?"

"रोज चहा. आणि माझा सहवास."

"चहा चालेल," ती म्हणाली.

*

सोमवारपासून ती रोज साडेपाचला प्रयोगशाळेतून थेट तालमीच्या खोलीवर जाऊ लागली. जुन्या शाळेचा वर्ग होता तो, बाकं भिंतीला लावलेली, फरशीवर खडूनं आखलेली दारं-खिडक्या. नायिकेचं काम करणारी मुलगी चुणचुणीत होती. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं चंबू फिरवायचा, हे तिला दोन दिवसांत जमलं.

"ताई, तुम्ही इतक्या हळू कशा करता हो सगळं?"

"घाई करणाऱ्याच्या चंबूतला रंग गडद होतो," ती म्हणाली. "एक थेंब जास्त पडला की परत नाही घेता येत."

"हे वाक्य घेऊ का नाटकात?" कोपऱ्यातून धूमकेतूनं विचारलं.

"चोर!"

"लेखक आहे मी. आमच्यात चोर म्हणत नाहीत, संवेदनशील म्हणतात."

ती हसली. किती दिवसांनी अशी मोकळी हसली, ते तिनं मोजलं नाही. परत जाताना तो तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत येई. एक बस सोडायची, मग दुसरी... बुधवारी त्यांनी तीन सोडल्या. तिसरी गेल्यावर त्यानं तिचं बोट हातात घेतलं आणि आम्लानं पडलेला पिवळा डाग अंगठ्यानं पुसल्यासारखा केला.

"तो जात नाही," ती म्हणाली.

"बघू तरी."

घरी आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "चेहरा का असा उजळलाय? पाण्यात सोनं सापडलं का?"

"एक जुना मित्र भेटला."

"तो? धूमकेतू?" आईचा हात थांबला. "बाई गं! तो गेला तेव्हा महिनाभर तू धड जेवली नव्हतीस. मी काही बोलत नाही हो. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं."

"आई, अकरा वर्षं झाली. फुंकून फुंकून ताक आटलं!"

आई हसली नाही.

*

गुरुवारी शेवटचा प्रवेश होता. तो तिनं अजून पाहिला नव्हता.

खोलीच्या मधोमध एक खिडकीची चौकट उभी केली होती आणि तिच्या कट्ट्यावर चार काचेचे ग्लास. चारही ग्लासांच्या बुडाशी नखरंगाचे ठिपके.  तसेच ठिपके कँटीनच्या ग्लासांना तिनंच लावले होते, कोणाचा ग्लास कोणता ते कळावं म्हणून, तिचा लाल. आणि नियमही चौघांचाच. ज्याला राग आला त्यानं आपला ग्लास पालथा घालायचा. कँटीनच्या मावशी त्याला वगळून पुढं चहा ओतायच्या. राग गेला की ज्याचा त्यानं ग्लास सरळ करायचा. माफी मागायची नाही, समजूत काढायची नाही. ग्लास सरळ, म्हणजे झालं.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी धूमकेतूनं दुपारी सहज सांगावं तसं सांगितलं होतं, की एका फिरत्या नाटक कंपनीत त्याला घेतलंय आणि संध्याकाळी सातची बस आहे. महिनाभर त्याला हे माहीत होतं. तिनं एक शब्द न बोलता ग्लास पालथा घातला. तो म्हणाला, "सहा वाजता येईन. सरळ दिसला तर जाणार नाही, तुला काहीतरी सांगायचंय. पालथा दिसला तर समज, गेलो."

परीक्षा संपवून, हातही न धुता, ती धावत आली होती. सहाला दहा कमी होते. तिनं ग्लास सरळ केला आणि मावशींनी दिवे मालवेपर्यंत बसून राहिली. तो आलाच नाही.

तो लवकर येऊन गेला असणार, असं तिनं ठरवून टाकलं. पावणेसहाला आला असेल, पालथा दिसला असेल. दहा मिनिटांची चूक. प्रयोगात होतात अशा चुका, त्यात दोष कुणाचा नसतो. या एका समजुतीवर तिनं अकरा वर्षं काढली होती आणि दोन चांगली स्थळं नाकारली होती.

आणि आता तिच्यासमोर नायक खिडकीपाशी आला, थबकला. लाल ठिपक्याचा ग्लास पालथा होता. त्यानं त्याला हलकेच स्पर्श केला आणि मान खाली घालून निघून गेला.

म्हणजे तो आला होता!

बाकीचे पांगल्यावर ती त्याच्याकडे गेली.  "ऐक... मी सरळ केला होता. सहाला दहा कमी असताना. तू आधीच येऊन गेलास, तुला कळलंच नाही. मी सरळ केला होता रे!"

 तो खडूची दाराची रेघ बुटानं पुसत राहिला.

"बोल ना."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मी सहालाच आलो होतो. बाहेरून... काचेतून बघितलं. ग्लास सरळ होता. तू दाराकडे पाठ करून बसली होतीस. हातांचा वास घेत होतीस."

तिनं बोटं मिटून घेतली.

"मला भीती वाटली, थेंब. आत आलो असतो तर राहिलो असतो. आणि राहिलो असतो तर जन्मभर तुला बोल लावला असता."

"म्हणून न राहताच बोल लावलास? नाटकात तो पालथा का आहे मग?"

"तो सरळ बघून गेला असता तर... लोकांना नायक आवडला नसता."

"म्हणजे तू लोकांना आवडावास, म्हणून रागीट मी."

"मी आता आलोय ना!" त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "माझं प्रेम होतं तुझ्यावर. आहे. या वेळी जाणार नाही, शप्पथ. सांग, काय करू?"

अकरा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. शब्द तेच होते, आवाज तोच होता. तिनं हात सोडवून घेतले, सावकाश.

"जे घडलं ते लिही," ती म्हणाली. "मग बघू."

*

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत चार खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. बोक्याच्या मुलाची परीक्षा होती, प्रोफेसरनं निरोपच पाठवला नव्हता. दोन रिकाम्या खुर्च्यांशेजारी ती बसली. चौथीवर तो आला नाही, तो विंगेत होता.

शेवटच्या प्रवेशात ग्लास सरळ होता. नायिका दाराकडे पाठ करून बसली होती, बोटं नाकाशी धरून. नायक काचेबाहेर आला, त्यानं पाहिलं. एक पाऊल पुढं टाकलं... आणि मागं घेतलं. तिला हाक न मारता तो गेला. नायिका हळूच, अगदी थेंबच्या आवाजात म्हणाली, "एक थेंब जास्त पडला की परत नाही घेता येत."

 मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं. शेजारच्या रांगेतल्या काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय धीट लेखक आहे हो! स्वतःची चूक अशी मांडायची म्हणजे..."

ती बसूनच होती. चूक त्यानं सहाशे लोकांना सांगितली होती. तिचं वाक्य, तिचे पिवळे डाग, तिची पाठ, सगळं वापरून झालं होतं. प्रयोग उत्तम झाला होता.

बाहेरच्या चहाच्या टेबलापाशी तो गर्दीतून वाट काढत आला. कपाळावर घाम, डोळे चमकत होते. त्याच्या हातात तोच लाल ठिपक्याचा ग्लास होता, चहानं भरलेला. तो त्यानं तिच्यापुढं धरला.

"जे घडलं ते लिहिलं. आता?"

"चांगलं झालं नाटक."

"आणि मी?"

तिनं पिशवीतून एक लिफाफा काढून त्याला दिला. "रंगमंचामागच्या पाण्याचा अहवाल. पिण्यास अयोग्य. टाकी धुवून घ्या. तोवर नटांना उकळून द्या."

"थेंब, चिडलीस? चीड, भांड... पण बोल."

ती त्याच्याकडे बघत, घाई न करता, चहा प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, ग्लासावर होती. ती तो पालथा घालेल याची तो वाट बघत होता. पालथा ग्लास कधीतरी सरळ होतो, हे दोघांनाही पाठ होतं.

तिनं ग्लास टेबलावर ठेवला. सरळ. इतरांनी आपापले ठेवले होते, त्यांच्याच ओळीत.

"येते," ती म्हणाली, आणि पहिलीच बस पकडली.