डाव्या कडेची जागा

चित्रात काय आहे ते कोणीही सांगेल, काय काढून टाकलंय ते सांगा, असं मी दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना बजावते. कलेचा इतिहास शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. मुलं मला तुसडी म्हणतात हे ठाऊक आहे. निबंधात फापटपसारा दिसला की मी तो लिहिणाऱ्यासमोरच लाल पेनाने आडवा करते, आणि त्याबद्दल मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचा संग्रह आमच्या विभागाकडे आला. चौदा लाकडी पेट्या, त्यांत काचेच्या जुन्या निगेटिव्ह. सगळे घरगुती फोटो. मधे खुर्चीवर कोणीतरी बसलेलं, आजूबाजूला बाकीचे उभे, मागे खांब रंगवलेला पडदा. त्यांतल्या एकतीस काचांवर डाव्या कडेला कोणीतरी लाल रंग लावून एक उभी आकृती झाकली होती. काच छापली की त्या जागी पांढरा धब्बा येई. घरं वेगळी, वर्षं वेगळी. धब्ब्याची उंची मात्र तीच, आणि खुर्चीकडे झुकण्याची ढबही तीच.

मला आयता प्रबंध सापडला होता. काचा घेऊन मी तळघरातल्या प्रयोगशाळेत गेले. जुन्या वस्तूंची साफसफाई आणि डागडुजी तिथल्या बाई करतात. त्यांनी एक काच भिंगाखाली धरली आणि धब्ब्याच्या कडेकडेने फिरवून पाहिली.

"मॅडम, इथे रंगाचे तीन थर आहेत. मधे वर्षं गेलीत. एकदा पुसलेलं माणूस कोणी पुन्हा दोनदा कशाला पुसेल?"

"हात कच्चा असेल."

"कडा बघा ना. केसाइतकीही चूक नाही."

"बरं. रंग काढा."

"मी नाही काढणार."

मी त्यांना नको ते बोलले. मग कापूस ओला करून स्वतःच बसले. रंग सहज सुटला. आठवडाभरात एकतीसच्या एकतीस काचा स्वच्छ झाल्या.

खाली कोणीच नव्हतं. नुसता पडदा, त्यावरचा खांब. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्यावरचं कापड दाबलं गेलं होतं, बोटं रोवल्यासारखं. आणि बाकीची माणसं, जी आधी समोर बघताहेत असं मी माझ्या टिपणांत लिहून ठेवलं होतं, ती आता खुर्चीकडे बघत होती. बायको, भाऊ, लेकी. इतक्या किळसेने बघताना मी माणसांना क्वचितच पाहिलंय. मी टिपणात दुरुस्ती केली: आधीचं निरीक्षण घाईचं.

घरी मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच. ती शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. आमचं फार पटतं असं नाही, पण निभतं. त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलेनाशी झाली. माझा कप न विसळता तसाच ठेवायची. मी खोलीत आले की उठून जायची. शेवटी एका सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, तो हात काढायला सांग."

"कुठला हात?"

"तुझ्या खांद्यावरचा."

मी खांदा झटकला. तिथे काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कपड्याला डाव्या खांद्यावर चुण्या पडू लागल्या, आणि इस्त्रीने त्या जाईनात.

वर्गातही काहीतरी बिनसलं. मी बोलत असताना मुलं माझ्या जरा डावीकडे बघायची. आधी वाटलं, पडद्यावरच्या चित्राकडे बघताहेत. मी प्रोजेक्टर बंद केला. तरी नजरा तिथेच. मी जागा बदलली, नजराही माझ्याबरोबर सरकल्या. माझ्याकडे चुकून कोणी पाहिलंच, तर चपलेला काही लागल्यावर चपलेकडे बघावं तसं.

मी पेट्या उचलून पुन्हा प्रयोगशाळेत गेले. लाल रंग कालवला. तो काचेवर बसेना, तेलावर पाणी पडावं तसा थेंब थेंब होऊन ओघळला. पाच काचांवर करून पाहिलं.

"बाई, तो कसा लावायचा होता, सांगा ना," मी म्हणाले. उभ्या आयुष्यात मी कोणाला अशी विनवणी केली नव्हती.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मला नाही माहीत. आणि कृपा करून माझ्या मागे उभ्या राहू नका. दोघीही."

रविवारी दुपारी बहीण जेवणाच्या टेबलावर अल्बम पसरून बसली होती. शेजारी पांढऱ्या रंगाची बाटली, हातात बारीक ब्रश. शाळेत असताना तिचा हात किती स्थिर होता ते मला आठवलं. अजूनही तसाच होता. आईबाबांसोबतचे फोटो, माझ्या पदवीचा, आम्हा दोघींचा समुद्रावरचा. सगळ्यांतून ती मला पुसत होती.

"काय करतेस हे?"

"तिला जागा हवी," ती शांतपणे म्हणाली. "इतकी वर्षं बिचारी उभीच आहे."

"कोण ती?"

बहिणीने ब्रश पाण्यात बुडवला. मग मान वर करून माझ्या डावीकडे बघितलं आणि हसली. माझ्याकडे बघून ती असं कधीच हसली नव्हती.

सोमवारी मी वेळेवर वर्गात गेले. मुलं उभी राहिली, बसली. मी हजेरी घ्यायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

तोवर पहिल्या बाकावरून "हजर" ऐकू आलं. मग दुसरा. मग तिसरा.

पन्नास मिनिटं मी टेबलाला धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही. मुलं खाली मान घालून भराभरा लिहीत होती. मधेच सगळी एकदम हसली. माझ्या तासाला सव्वीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं.

तास संपला. एक मुलगी वही छातीशी धरून पुढे आली आणि माझ्या खांद्याशेजारच्या हवेकडे बघत थांबली.

"मॅडम, आज पहिल्यांदा समजलं," ती म्हणाली. "उद्याही तुम्हीच याल ना?"

तिने उत्तर ऐकून घेतलं, मान हलवली, आणि जाताना दिवे मालवले.