जोमारच्या दुकानातच लागणारं वायफाय

त्या दुकानात मी शिरले ती निव्वळ अपघातानं. सान पाब्लोच्या बाजारातला माझा शिंपी जेवायला गेला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि शेजारच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात पंखा होता. बस्स, एवढंच!

काउंटरमागे जोमार नावाचा एक तरुण दातात स्क्रू ड्रायव्हर धरून बसलेला. नुसतं वारा खात उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी पिशवीतून लॅपटॉप ओढून काढला. आमच्या फिलिपिन्समध्ये अनोळखी तरुणालाही 'कुया', म्हणजे दादा, म्हणतात.

"कुया, याला वायफाय दिसतच नाही हो. आमचा राउटर बंद-चालू करून झाला. शेजाऱ्यांचासुद्धा करायला लावला."

"शेजाऱ्यांचा कशाला?"

"…आता मला काय माहीत!"

तो हसला. खळी पडली, तीही मेली एकाच गालावर.

लॅपटॉप मावशीनं दुबईहून पाठवलेला, दहा वर्षांचा म्हातारा. माझ्या आईनं, नानायनं, आल्या दिवशीच त्याच्या कडांना प्लास्टिक गुंडाळून वर खाकी चिकटपट्टी मारली होती. आमच्या घरात रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक. मग हा कसा सुटेल?

"प्लास्टिकला मात्र हात लावू नका हं. नानाय आधी तुम्हाला कापेल, मग मला."

त्यानं लॅपटॉप उचलला, पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला…

"लागलं."

"अं? केलंत काय?"

"काही नाही."

घरी आले, पिशवीतून काढला — ठणठणाट! दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. तिथं लागलं, घरी बंद. तिसऱ्या दिवशी तेच. माझं डोकं पार चक्रावलं. बरं, निघताना केस विंचरायला मी दहा मिनिटं का लावत होते, हेही कळेना.

"हा लॅपटॉप भाळलाय तुमच्यावर, कुया," मी चिडून म्हटलं.

"लॅपटॉपच ना?" तो म्हणाला… आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

चौथ्या दिवशी, बुधवारी, त्यानं माझ्यासाठी गरम तुरोन आणून ठेवले होते. केळ्याची ती कुरकुरीत गुंडाळी खाता खाता मी सांगून टाकलं. "उद्या तीनला जपानच्या रुग्णालयातल्या नोकरीची मुलाखत आहे, याच लॅपटॉपवर. फोनचा कॅमेरा फुटलाय. वर्षभर जपानी घोकलंय मी, कुया. ही संधी गेली तर संपलंच."

"किती वर्षांसाठी?"

"तीन."

त्यानं लॅपटॉप हातात घेतला. बराच वेळ नुसता धरून बसला. "आज… नाही लागत," तो खाली बघत म्हणाला.

मी रडतच घरी गेले. राग त्याचा येत होता की लॅपटॉपचा, देव जाणे!

गुरुवारी दुपारी दारात जोमार उभा! दुकानाच्या वहीत मी पत्ता लिहिला होताच. हातात कात्री. थेट नानायसमोर जाऊन त्यानं वाकून तिचा हात कपाळाला लावला.

"तुमची परवानगी असेल तर… हे प्लास्टिक कापायचंय."

नानायनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "काप."

चिकटपट्टी निघाली. खाली, पुढच्या कडेला, नखाएवढं एक सरकतं बटण होतं. "वायफायचं," तो म्हणाला. "पिशवीत कोंबताना प्लास्टिक ओढलं जातं आणि हे बंद होतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"पहिल्यांदा… तुमच्या आईंच्या भीतीनं. नंतर, तुम्ही येणार नाही म्हणून. आणि काल…" त्यानं कात्री खाली ठेवली. "तुम्ही जाऊ नये म्हणून. फार चुकलं माझं, रोवेना."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही राहिलं, तीन वाजत आले होते.

मुलाखत अर्धा तास चालली. एकदाही तुटली नाही. शेवटी पडद्यावरच्या बाई हसून "या" म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत आले आणि जागीच थबकले. सोफ्याचं प्लास्टिक निघालं होतं! आजवर ते फक्त पाद्रीबाबांसाठी निघालेलं. मधोमध जोमार, परीक्षेला बसल्यासारखा ताठ.

"झाली निवड?" त्यानं विचारलं.

"झाली." मी दोन पावलं पुढे झाले. "तीन वर्षं… थांबशील, कुया?"

"थांबेन. पण आता कुया नको."

"बघतेस काय?" स्वयंपाकघरातून नानाय ओरडली. "बस त्याच्या शेजारी!"

मी बसले. आमचा सोफा इतका मऊ आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.