मागच्या सीटवरची ओल

हे घडलंय. जामखेडच्या बाजूला कुणालाही विचारा, ते घर लांबून दाखवतील.

जवळ नेणार नाहीत.

साल त्र्याहत्तर. माघ सरत आलेला. विहिरी कोरड्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. पहाटेची वेळ.

आणि गोरक्षनाथची टॅक्सी सुरू होत नव्हती.

खर्र... खर्र... खर्र...

गप्प.

गाडी जुनी होती, पण कधी अडली नव्हती. पाटोद्याला एक सीट, म्हणजे प्रवासी, सोडून तो रिकामा परत आला, त्या दिवसापासून हे लागलं. दिवसभर गाडी झकास चालायची. सकाळी मात्र मेल्यासारखी.

दुसरी कुठली वेळ असती तर त्याने शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण त्याच्या बायकोचे, राहीबाईचे, दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण घरी झालं, तेव्हा मूल गेलं आणि तीही जाता जाता राहिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं... कळा सुरू झाल्या की सरळ नगर. वाट बघायची नाही.

गावात गाडी एकच. हीच.

त्याने सूर्यभान मिस्त्रीला बोलावलं.

बॅटरी? चांगली.

पेट्रोल? येतंय.

प्लग? काढले, घासले, लावले.

तरी खर्र... खर्र...

मग सूर्यभानने प्लगांना करंट वाटणारी काळी टोपी उघडली. आणि हसायलाच लागला.

"गोरखभाऊ, गाडी रातची आंघूळ करती का काय? आमच्या बायका टँकरपुढं डोकी फोडत्यात, आन हिथं बघा!"

टोपी आतून ओली होती.

दव नव्हे. थेंब. टपोरे.

त्याने ती फडक्याने पुसली, बसवली. एका सेल्फात गाडी सुरू.

"झालं! ओलीनं करंट उतरत हुता. चहा पाजा."

दुसऱ्या सकाळी टोपी ओली.

सूर्यभानने जुन्या ट्यूबचं रबर कापून तिच्यावर घट्ट बांधलं. तिसऱ्या सकाळी रबर सुटलेलं होतं. सुटून पडलेलं नव्हतं... घडी घालून बंपरवर ठेवलेलं होतं. लुगड्याची घालतात तशी घडी.

टोपी ओली.

या वेळी सूर्यभान हसला नाही. वर कोरडंठाक आभाळ. तो म्हणाला, "टोपी काढून घरात ठिवत जा. धान्यात पुरून. धान्य ओल वढून घेतं." आणि चहा न घेताच गेला.

गोरक्षनाथने टोपी रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, डब्यात पुरली. झाकण लावलं. झाकणावर पाटा ठेवला.

पहाटे राहीबाईने त्याला हलवलं.

"अवं... सुरू झालं."

तो डब्याकडे धावला. पाटा जागेवर. झाकण जागेवर. आत हात घातला...

मऊ लागलं.

कंदील जवळ आणला. मिलोला मोड आले होते. बोटभर लांब, पांढरे. एका रात्रीत. त्यांच्या मधोमध टोपी होती, पाण्याने काठोकाठ भरलेली.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने ती पुसली, चुलीपाशी शेकली, गाडीला बसवली. त्याची आई, गोजरबाई, सुनेला धरून बाहेर घेऊन आली. राहीबाईला मागच्या सीटवर बसवलं.

खर्र... खर्र...

त्याने हँडल घातलं, मारलं. पुन्हा मारलं. खांदे भरून आले. टोपी उघडली. ओली. पुसली. बसवली. उघडली.

ओली.

"गोरख, हान की रं! पोरगी कळवळती!" गोजरबाई ओरडली.

तेवढ्यात राहीबाईचं कण्हणं थांबलं.

"अवं..." ती हळू म्हणाली. "ह्या बाईला आदी उतरवा ना."

"कोन बाई?"

"ही. माज्याशेजारची. तिचं लुगडं लई वलं हाय... मला गार लागतंय."

त्याने कंदील आत धरला. सीट रिकामी. पण राहीबाई दाराला चिकटून बसली होती. दुसऱ्या माणसाला जागा द्यावी तशी. आणि तिच्या मांडीवरचं पातळ एका बाजूने भिजत चाललं होतं.

त्याला पळून जावंसं वाटलं. पण राहीबाईने पुन्हा ओठ चावला.

तो पलीकडे गेला. दार उघडलं. मान खाली घातली.

"उतरा, बाई. पाया पडतो. माजी बायकू मरंल."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग... गाडीची मागची बाजू हळूच वर उचलली गेली. वजन उतरल्यावर येते तशी.

पहिल्याच हँडलला इंजिन गरजलं.

गोजरबाई घर राखायला मागे राहिली. नगरला दिवस उगवता उगवता मुलगी झाली. रडली. चांगली खणखणीत रडली. राहीबाईही वाचली. गोरक्षनाथ दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

तिथेच त्याच्या डोक्यात आलं.

टॅक्सीवाला आधी विचारतो, कुठं जायचंय. मग तिथं नेऊन सोडतो. इतक्या वर्षांत त्याने एकही सीट भलतीकडे उतरवली नव्हती.

पाटोद्याहून येताना रिकाम्या गाडीत जी येऊन बसली, त्या बाईला त्याने विचारलंच नव्हतं.

उतरवलं होतं... स्वतःच्या दारात.

आठवड्याने तो दोघींना घेऊन गावी आला. गोजरबाई अंगणात उभी होती, मीठ-मोहऱ्या घेऊन. तोंडभर हसत.

"उतर गं माज्या बये! पानी तापवलंय पोरीला न्हायाला. आरं, काय सांगू गोरख, तुमी गेल्यापास्नं आपला रांजण रिता झालाच न्हाई. टँकरला जावं लागंना!"

गोरक्षनाथने गाडी बंद केली नाही.

"आई... रांजण कोन भरतं?"

"तूच धाडलीस न्हवं? बाई येती पहाटं. लई गरीब. कायबी मागत न्हाई. रोज येवढंच इचारती, बाळ कवा येनार."

राहीबाईने मुलीला पदराखाली ओढलं.

"आई, गाडीत बस. आत्ताच्या आत्ता!" गोरक्षनाथ ओरडला.

"येडा का काय? भरला रांजण सोडून? ह्या दुस्काळात?"

त्याने दोनदा हात जोडले. ती हलली नाही. मग त्याने गाडी वळवली.

धुरळ्यातून तो आरशात बघत होता. अंगणात आई एकटीच होती. तिने कपाळाला हात लावला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, समजूत घालावी तशी म्हणाली,

"येतील गं. पोरगा भ्यालाय जरा. तू बस."