नऊ नंबरचा बिल्ला

"आत्या खाली आली असती, तर घरी नसती आली?" चिमणीने विचारलं.

जंगलाच्या चौकीतल्या कारकूनकाकांनी खांदे उडवले. सुट्टीला आलेल्या चिमणी आणि ढब्बू या भावंडांना आत्या आज डोंगरावर नेणार होती. वाटसरू चुकू नयेत म्हणून झाडांवर पिवळे बाण रंगवणं हे तिचं काम. काल ती एकटीच वर गेली होती. उशीर झाला की ती वरच्या झोपडीतच मुक्काम करायची, म्हणून काल कुणी काळजी केली नव्हती. पण आता दुपार टळली होती.

जंगलात जाताना फळीवरचा नंबरचा बिल्ला न्यायचा, परतल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा, अशी चौकीची रीत. आत्याचा चौदा नंबर खिळ्यावर होता. म्हणजे बाई कालच उतरल्या, गेल्या असतील रंग आणायला, असं सांगून काकांनी चहात बिस्कीट बुडवलं.

चिमणीला ते पटेना. आत्याच्या नखांतूनसुद्धा रंग निघत नाही, आणि तिच्या बिल्ल्यावर एक ठिपका नाही?

"यांनीच आत्याला कोंडलं असेल," बाहेर येताच ढब्बू कुजबुजला.

"तुझं डोकं कोंडलंय. पळ, रेंजरबाईंना घेऊन ये."

मग तिने साळसूदपणे नऊ नंबरचा बिल्ला मागून घेतला, पहिल्या वळणापर्यंत जाऊन येते म्हणाली, आणि खिडकीखाली दबा धरून बसली. पाच वाजले, चौकी बंद करायची वेळ झाली. काकांनी फळी न्याहाळली, खण उघडला आणि नऊच्या रिकाम्या खिळ्याला एक नवाकोरा बिल्ला अडकवला! कुलूप घेऊन ते वळले, तर दारात रेंजरबाई. मागे धापा टाकणारा ढब्बू.

चिमणीने मूठ उघडली. "काका, नऊ नंबर माझ्याकडे आहे. मग हा कुणाचा?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे खिळे भरल्याशिवाय कुलूप लावायचं नाही असा नियम, आणि विसराळू लोकांपायी रोजचा खोळंबा. म्हणून त्यांनी बिल्ल्यांचा दुसरा संचच करून घेतला होता. लोक आपले बिल्ले सकाळी आणून देतातच, असं ते पुटपुटत राहिले.

बाईंनी शिट्टी फुंकून माणसं गोळा केली. तासाभरात शेवटच्या, अर्ध्याच रंगवलेल्या बाणाखालच्या घळीत आत्या सापडली. पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला, हाका मारून मारून आवाज बसलेला. तिला खाली आणताना झोळीच्या दांड्याचं पुढचं टोक कारकूनकाकांच्याच खांद्यावर होतं.

रेंजरबाई चिमणीच्या बरोबरीने चालत होत्या.

"मी रोज ती फळी बघते," त्या हळूच म्हणाल्या. "भरलेली दिसली की निवांत झोपते. कालही झोपले. पोरी, मी नुसते बिल्ले मोजत होते. माणूस तू शोधलंस."