कलायजिएव्ह मंडळाचं शोकपत्रक

येफ्रेम कलायजिएव्ह या दिवंगत लेखकाला डॅन्यूबकाठच्या लोम गावाबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं, आणि गावात त्याची पुस्तकं वाचलेली माणसं म्हणजे कलायजिएव्ह मंडळाचे सभासद. अध्यक्ष लाचेझार, गुरांचा निवृत्त डॉक्टर. चिटणीस त्याची बायको झोर्नित्सा. औषधांच्या दुकानातली बोइका खजिनदार. बाकीचे दोघं-तिघं वाचनालयात पंखा आहे म्हणून यायचे. लाचेझारचा अभ्यास मात्र दांडगा. कलायजिएव्हच्या कादंबरीतला घोडा विरहाने नव्हे, पोटशुळाने मेला, हे त्याने सप्रमाण सिद्ध केलं होतं.

लोममध्ये मेलेल्या माणसाला भिंतीवरून कुणी सहजासहजी उतरू देत नाही. दर पुण्यतिथीला त्याचं शोकपत्रक फोटोसकट पुन्हा दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर लागतं. मंडळही आपल्या लेखकाची शोकपत्रकं दर शरदात डकवायचं. यंदा झोर्नित्साने छापखान्यात एकाच पाकिटात दोन फोटो दिले: शोकपत्रकासाठी लेखकाचा, कार्यक्रमपत्रिकेसाठी अध्यक्षांचा. छापखानेवाल्याला दोन मिशा दिसल्या आणि व्हायचं तेच झालं.

सकाळी पाव आणायला गेलेली झोर्नित्सा धापा टाकत परत आली. "अरे लाचो, ऊठ! तू मेलायस!"

"बरं," पांघरुणातून आवाज आला. "मग उठू कशाला?"

कलायजिएव्हच्या नावावर लाचेझारचं थोबाड अख्ख्या गावात झळकत होतं. झोर्नित्सा ते फाडायला निघाली, तर बेकरीवाल्या मित्काने तिचा हात धरला.

"शोकपत्रक फाडतात का कुठे? ऊन-पावसानं आपसूक गळू द्यायचं ते."

"अगं, पण माझा नवरा धडधाकट जिवंत आहे!"

"असू दे की. त्याला कुठे टोचतंय?"

लाचेझारला खरंच टोचत नव्हतं. मेलेल्याच्या नावाने वाटायचे गोड शिजवलेले गहू लोक आता थट्टेने त्याच्याच हातात ठेवत, "देव तुला क्षमा करो" म्हणत आणि वाइनचे दोन थेंब त्याच्या पायाशी सांडत. तो मिटक्या मारत खाई. "जन्मभर गायींच्या मागे चिखलात उभा राहिलो, तेव्हा कुणी कॉफी विचारली नाही मेल्यांनी!"

मंडळाच्या पुण्यतिथी-व्याख्यानाला तर वाचनालय फुटायला आलं. मेलेला डॉक्टर बघायला अर्धं गाव लोटलं होतं. बोइका निबंध वाचत होती: कादंबरीचा नायक शेवटी बोटीतून उतरत का नाही? डॅन्यूब म्हणजे मरण, बोट म्हणजे आयुष्य, वगैरे वगैरे.

लाचेझार खाकरला. "मरण कसलं घेऊन बसलीस? त्याला उतरवायचं राहूनच गेलं माझ्याकडून. दाढ ठणकत होती."

लोक हसून लोळले. झोर्नित्साही हसली. मग तिने पाहिलं, तो हसत नव्हता. जिभेने मागची दाढ चाचपत होता.

लाचेझारला कवळी होती.

म्हातारपण, दुसरं काय, अशी तिने मनाची समजूत घातली. पण त्याने लोणच्याची तिखट मिरची ताटाबाहेर सारली, ज्या मिरचीवरून तो सख्ख्या भावाशी भांडला होता. स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना तो वाकायला लागला. कलायजिएव्ह ताडमाड होता म्हणतात. लाचेझारचं डोकं चौकटीच्या कितीतरी खाली राहायचं. मांजर त्याच्या मांडीवर बसेना.

एका दुपारी त्याने सुपाचा चमचा खाली ठेवला. "उत्तम झालंय, बाई. आपण फार तसदी घेतलीत."

"तसदी? जन्मभर माझ्या सुपाला नावं ठेवलीस, आणि आज तसदी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं ते पाहुणा यजमानिणीकडे बघतो तसं, अगदी सभ्यपणे. झोर्नित्साला हा सभ्य माणूस नको होता. खारट सुपावरून कटकट करणारा आपला लाचो हवा होता.

हे सगळं ती पत्रकं लागल्यापासूनच सुरू झालं होतं. ती गरम पाण्याची बादली आणि सुरी घेऊन भर दुपारी बाहेर पडली. बसथांबा, खांब, बेकरी, जिथे दिसेल तिथलं पत्रक तिने ओरबाडून काढलं. मित्का दारातून बघत छातीवर क्रूस काढत होती. अडवायला मात्र आली नाही.

शेवटचं पत्रक वाचनालयाच्या दारावर होतं. खळ घट्ट बसली होती. निम्मा चेहरा निघाला, निम्मा निघेना. तिने सुरी टाकली आणि नखांनी खरवडायला घेतलं.

"चल रे, लाचो," ती पुटपुटली. "घरी चल आता."

घराचं दार सताड उघडं होतं.

स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला तोच सभ्य माणूस अदबीने उठला.

"आलात? आपले यजमान आत्ताच गेले."

"कुठे?"

"ते नाही बोलले. इतके दिवस इथेच होते, आपण कधीतरी ओळखाल म्हणून वाट बघत. आज मात्र त्यांना थांबवेना." तो जरा घुटमळला. "गारठा आहे, बूट घाला म्हटलं मी. पण दोन्ही हातांनी चेहरा घट्ट धरला होता त्यांनी. नाड्या बांधणार कशा?"

लाचेझारचे बूट दाराशीच होते.

झोर्नित्साने नळ सोडला आणि हात धुवायला घेतले. नखांतली खळ सुटली, आणि खळीबरोबर मिशीचा एक पांढरा केस.