श्वासाची रेघ

दुपारचं जेवण उरकून ती ऑफिसात आपल्या टेबलाशी आली, ती एक राहिलेलं काम हातावेगळं करायला. बाबांचा आलेख बंद करायचा होता.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दिवसभर आत्या त्यांच्या उशाशी बसायची, तरी हिचा जीव ऑफिसात थाऱ्यावर नसे. पेशाने ती प्रोग्रामर. तिने बाबांच्या गादीखाली श्वास मोजणारी पट्टी सरकवली आणि छोटासा प्रोग्राम लिहून ते आकडे क्लाउडवरच्या देखरेख सेवेला पाठवायला सुरुवात केली. ऑफिसचे सर्व्हर धडधाकट आहेत की नाहीत हे जिथे दिसे, तिथेच एका कोपऱ्यात बाबांची रेघ हलत राही. रेघ तळाला गेली की हिचा फोन वाजायचा. एका सकाळी तो वाजला, आणि सारं संपलं.

आज तिने ते पान उघडलं. रेघ हलत होती. संथ, गाढ झोपलेल्या माणसासारखी.

तिने घरी फोन लावला. "आत्या, बाबांच्या गादीखालची ती पट्टी…"

"तूच नाही का तोडून फेकलीस? माझ्यादेखत."

शेजारी बसणाऱ्या वरिष्ठांना सगळे दादा म्हणत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "जुना प्रोग्राम कुठेतरी चालू राहिला असेल. आकडे पाठवायची परवानगीच काढून घेतो."

त्यांनी ती काढून घेतली. रेघ थांबली. तिला हायसं वाटलं, आणि लगेच बाबांना पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं.

मग खाली दुसरी रेघ उमटली. ही जरा घाईची. तिच्यापुढे नाव होतं, ठमी.

"परवानगी तर काढून घेतलीय…" दादा पुटपुटले. "आणि ही ठमी कोण?"

तिला ठमी म्हणायचे ते फक्त बाबा, आणि तेही घरात. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिने श्वास रोखून धरला. रेघ घसरत घसरत तळाला टेकली, पण तिचा फोन वाजला नाही. दादांची नजर पडद्यावरून हळूहळू तिच्या चेहऱ्यावर आली.

"श्वास घे…" ते हलकेच म्हणाले.

तिने घेतला. रेघ उठली.

दादांचा हात माउसकडे गेला. "पुसून टाकू?"

"नको…"

रेघ पुसल्यावर तिच्याबरोबर आणखी काय थांबेल, हे बोलून दाखवायची दोघांचीही छाती झाली नाही.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"अगं, बाबांचा फोन आत्ता कपाटात वाजत होता. त्यातलं सिम आपण काढून ठेवलंय ना?"

"हो…"

"मी ओल्या हातांनीच धावले. पण दार उघडायच्या आत…" आत्या थांबली. "आतून कुणीतरी उचलला गं."